पायपेटीपुढची खुर्ची

खुर्ची विकत घ्यायला आलेला माणूस काय काय बघतो ते मी पस्तीस वर्षं पाहिलं. आधी तो पॉलिशवरून हात फिरवतो. मग खुर्चीच्या हातावर टकटक करून लाकूड कुठलं ते विचारतो, आणि सांगितलं तरी विश्वास ठेवत नाही. मग खुर्ची उचलून वजन बघतो. एवढं सगळं झाल्यावर ‘बरी आहे’ म्हणतो आणि न बसता निघतो. दुकानात, सुताराच्या देखत, खुर्चीवर बसायची आमच्याकडच्या माणसांना लाज वाटायची. मी म्हणायचो, अहो, हात लावून खुर्ची कळायला ती काय लुगडं आहे? बसा. पान लावा, खाऊन संपेपर्यंत बसून राहा, आणि मग सांगा.

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे नारळाच्या झावळ्यांचा मांडव आणि मागे लाकूड ठेवायची खोली. काम मी वेंगुर्ल्याला शिकलो, एका म्हाताऱ्या मेस्त्रींच्या हाताखाली. ते गोव्याकडच्या वळणाच्या खुर्च्या करत. त्यांनी मला शिकवलं ते फार थोडक्यात सांगता येतं. बसकेची उंची म्हणजे गुडघ्याच्या खालपासून जमिनीपर्यंतचं अंतर, त्यात एक बोट कमी. बसकेची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत तीन बोटं मोकळी हवीत, नाहीतर पायाला मुंग्या येतात. खुर्चीचे हात कोपराच्या उंचीला हवेत, वर असले तर खांदे चढतात. आणि सांधा खाचेत कूस बसवूनच करायचा. खिळा मारणारा सुतार आपली चूक झाकतो, असं ते म्हणत. हे सगळं मी नीट शिकलो होतो. एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली नाही, किंवा त्यांनी सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल. ती शिकायला माझ्याच कामाची फजिती व्हावी लागली.

त्याआधी जामसंड्याच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्याने पत्र पाठवून वडिलांसाठी खुर्ची करायला सांगितली. मी सागवानाची, वेताने विणलेली, चांगली ऐसपैस खुर्ची करून पोचवली. वर्षभराने त्या बाजूला गेलो तर वडील पडवीत जमिनीवर बसलेले, आणि खुर्ची शेजारी, धुतलेलं फडकं घातलेली. एक हात मात्र त्यांनी खुर्चीच्या बसकेवर टेकवला होता. मी विचारलं, बसत नाही का? ते म्हणाले, बसायला काही हरकत नाही, पण लेक आला की त्याला बसायला नको का? लेक वर्षातून आठ दिवस येई. तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, ती खुर्ची अगदी योग्य माणसाला मिळाली होती.

आता दाजींची गोष्ट. पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. दाजी आमच्याच गावचे, वय पंचावन्नच्या पुढे. दशावतारी कंपनीत पेटी वाजवायचे. ही पेटी म्हणजे भजनात मांडीशी घेऊन वाजवतात ती नव्हे. दशावतारात पायपेटी असते. ती टेबलासारखी उभी असते, खाली दोन पाट्या असतात, त्या आळीपाळीने पायांनी दाबून भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. म्हणजे वाजवणाऱ्याला खुर्ची लागतेच. कंपनी गावोगाव चालत जाई. पेटारे, पेटी, पखवाज सगळं माणसांच्या डोक्यावरून जाई. खुर्ची मात्र कोणी नेत नसे. ज्या गावी नाटक, त्या गावाने खुर्ची द्यायची. दाजी तीस वर्षं गावाने दिलेल्या खुर्चीवर बसले. कधी शाळेतल्या मास्तरांची, कधी कुठल्या खोताची. एका गावी तर खुर्ची मिळाली नाही म्हणून भात भरायच्या पेटाऱ्यावर बसून त्यांनी अख्खं नाटक वाजवलं होतं.

तीस वर्षांनी त्यांच्या कमरेने हात टेकले. एका मोसमाच्या शेवटी ते दोघांच्या खांद्यांवर हात टाकून घरी आले. पावसाळाभर तेल, शेक, झाडपाला सगळं झालं. चालता येऊ लागलं, पण बसलं की थोड्या वेळात कंबर धरायची. पुढच्या मोसमाला कंपनीच्या मालकांनी कुडाळकडचा एक तरुण पेटीवाला घेतला. त्यात मालकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाटक थांबवता येत नाही.

त्या दिवसांत दाजींची बायको एका दुपारी माझ्याकडे आल्या. त्यांना आम्ही सगळे वयनी म्हणायचो. ठेंगण्या, सडपातळ, आणि बोलणं मोजकं. त्यांनी ओच्यातून सुंभाचे दोन तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले. एक दाजींच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा, दुसरा पाठीचा. दाजी दुपारी झोपलेले असताना त्यांनी हे माप घेतलं होतं. दाजींना विचारलं असतं तर त्यांनी खुर्ची करू दिली नसती, असं त्या म्हणाल्या.

“तेंच्या कमरेक बरां वाटात अशी खुर्ची करा,” त्या म्हणाल्या. “दुसरां काय नको.”

मी मन लावून खुर्ची केली. खरं सांगायचं तर तोपर्यंतचं माझं ते सगळ्यात चांगलं काम होतं. शिवणीचं लाकूड, रुंद हात, पाठ मागे कललेली, बसक मागच्या बाजूला थोडी उतरती, म्हणजे बसलेला माणूस आपोआप पाठीला टेकतो. वेताची वीण मी स्वतः केली. बैलगाडीत घालून ती दाजींच्या घरी नेली आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ठेवली. दाजी आधी रागावल्यासारखे झाले. मग बसले. बसल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. वयनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदराने डोळे पुसले. मी छाती काढून घरी आलो.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मी त्यांच्या वाडीत एका घराचं दार बसवायला गेलो होतो. येताना दाजींकडे डोकावलो. ते त्याच खुर्चीत बसले होते. अंगाने सुटले होते, दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि म्हणाले, झकास आहे हो तुमची खुर्ची. मला बरं वाटलं. मग माझी नजर आत ओटीवर गेली. कोपऱ्यात दाजींची स्वतःची पायपेटी होती. तिच्यावर जुनेर घातलं होतं आणि त्या जुनेरावर कोकमाची सोलं वाळत घातली होती.

पाणी प्यायला म्हणून मी विहिरीकडे गेलो. वयनी पाणी शेंदत होत्या. दाजी पेटी वाजवत नाहीत का, असं मी विचारलं. त्यांनी कळशी खाली ठेवली.

“मेस्त्रीनू, खुर्ची बरी आसा. तुमका नाव ठेवूचा नाय. पण आदी कंबर दुखली तरी वायच वाजवीत. आता त्या खुर्चेत बसतत आणि पेटयेकडे बघत ऱ्हवतत.”

एवढंच बोलल्या आणि पुन्हा पाणी शेंदू लागल्या.

घरी जाताना मी ती खुर्ची मनात पुन्हा तपासली. खुर्चीत काही दोष नव्हता. सांधे घट्ट, उंची बरोबर, पाठीचा उतार बरोबर. पण ती दुपारी पडून राहायची खुर्ची होती. तिच्या हातांमुळे पेटीपुढे सरकता येत नव्हतं, कोपरं अडत होती. उतरत्या बसकेमुळे पुढे वाकलं की कमरेलाच ओढ बसत होती. दाजी त्या खुर्चीत काय करणार आहेत हे मी विचारलंच नव्हतं. वयनींनी कमरेला बरं वाटेल अशी खुर्ची मागितली आणि मी तेवढीच दिली. कंबर बरी झाली आणि पेटीवाला आजारी माणूस होऊन बसला.

दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन मी दाजींकडे गेलो. म्हटलं, पेटीपुढे बसायची खुर्ची करायची आहे. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. पेटी आता संपली, तिच्या जागी दुसरा माणूस बसला, म्हाताऱ्याने सोलं राखावीत हे बरं, असं म्हणाले. त्यांना राजी करायला माझ्याकडे गोड शब्द नव्हते. जे खरं होतं तेच सांगितलं.

“दाजीनू, माझां काम चुकलां. ता माका दुरुस्त करूक दिया.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची कीव करायला आलो असतो तर त्यांनी मला परत पाठवलं असतं. पण आपलं काम बिघडलं की माणसाला काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. तेही कारागीरच. मग त्यांनी वयनींना हाक मारून पेटीवरची सोलं उचलायला सांगितलं.

मग आठ-नऊ दिवस मी दुकान बंद ठेवून त्यांच्या खळ्यात काम केलं. या वेळी सुंभाचं माप नव्हतं. मी दाजींना पेटीपुढे एका स्टुलावर बसवलं आणि नुसते पाय चालवायला सांगितले. खाली बसून त्यांचे पाय बघत राहिलो, मग मागे जाऊन पाठ बघितली. पायपेटी वाजवणाऱ्याचे पाय जमिनीवर नसतात, पाट्यांवर असतात, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. म्हणजे अंगाचा सगळा भार बसकेवर. पाय दाबला की अंग मागे ढकललं जातं, आणि त्याला थोपवायचं काम कंबर करते. हजार वेळा पाय दाबायचा म्हणजे हजार वेळा कमरेने थोपवायचं.

तेव्हा मी बसक मागे उतरती न करता जराशी पुढे उतरती केली. हात काढूनच टाकले. पाठ उंच न ठेवता नुसती एक आडवी पट्टी दिली, नेमकी कंबर मोडते तिथे. बसकेची पुढची कड रंध्याने गोल केली, मांडीखाली टोचू नये म्हणून. लाकूड शिवणीचंच, पण बारीक घेतलं, कारण ही खुर्ची कोणाला तरी डोक्यावरून न्यावी लागणार होती. आणि सांधे असे घट्ट केले की वजन टाकलं तरी आवाज येऊ नये. नाटकात कोणी रडत असताना पेटीवाल्याची खुर्ची करकरली तर लोक हसतात, हे मला दाजींनीच सांगितलं.

पाय मुद्दाम लांब ठेवले होते. रोज थोडे कापायचे. दाजी बसत, वाजवत, उठत. मी खुर्ची उलटी करून पायांचं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, काढत असे. पहिल्या दिवशी त्यांनी चार सूर वाजवले आणि हात कमरेवर गेला. बोटंही अडखळत होती, त्याचीच त्यांना जास्त शरम वाटली. दुसऱ्या दिवशी ते बसायलाच तयार नव्हते. वयनींनी मोठ्या खुर्चीत धुतलेली चादर वाळत टाकली. तिच्यात बसता येईना तेव्हा ते येऊन पेटीपुढे बसले. चौथ्या दिवशी पट्टी अर्धं बोट खाली घेतली आणि त्यांनी पहिल्यांदा आपणहून सांगितलं की आता टेकतं आहे.

सहाव्या दिवशी दुपारी मी खळ्याच्या कडेला बसून पटाशीला धार लावत होतो. दाजींनी नमनाला सुरुवात केली. दशावतारात आधी गणपतीला नमन असतं, ते वाजवायला चांगला वेळ लागतो. मी वर पाहिलं नाही. पाहिलं तर थांबतील अशी भीती वाटली. आत वयनी नारळ खवत होत्या, तो आवाज थांबला. नमन संपलं आणि दाजी थांबले नाहीत, पुढचं वाजवू लागले. वयनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप हातात धरून उभ्या राहिल्या. चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने दाजींनी हात उचलले आणि विचारलं, चहा कोणासाठी केलास? मग आम्ही तिघंही हसलो. तो थंड चहा दाजी एका घोटात प्यायले.

कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचे दिवस सुरू झाले. दाजी खुर्ची घेऊन मालकांकडे गेले. मालकांना भरवसा नव्हता, तरी जुन्या माणसाला नाही म्हणवेना. पहिल्या जत्रेचं नाटक दाजींनी वाजवावं, नाही झेपलं तर तरुण माणूस शेजारी बसलेला असेलच, असं ठरलं. ती जत्रा आमच्या गावापासून दोन कोसांवर होती. मी गेलो नाही. मला धीर झाला नाही. खुर्चीचा एखादा सांधा गेला तर, किंवा दाजींना मध्येच उठावं लागलं तर, ते मला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो, तर समोरून दाजी येताना दिसले. मागे कंपनीचा पखवाजवाला, त्याच्या डोक्यावर खुर्ची. खुर्ची परत आली, असंच मला वाटलं. मी हातातली फळी तशीच धरून उभा राहिलो. दाजींचे डोळे लाल होते, तोंडावरून रात्रभराचं जागरण दिसत होतं. त्यांनी खुर्ची खाली ठेवायला लावली आणि मागच्या डाव्या पायाला बोट लावलं.

“हयसर वायच हालता. बगा जरा.”

मी बघितलं. देवळापुढची जमीन उंचसखल असते, त्यामुळे रात्रभर एकाच पायावर भार येऊन त्याची कड दबली होती. मी खाली चामड्याचा तुकडा ठोकला. ठोकता ठोकता हळूच विचारलं, कंबर?

“कंबर आसा ह्याच रातभर आठावला नाय,” दाजी म्हणाले.

शेजारी बसलेल्या तरुण पेटीवाल्याला त्या रात्री पेटीला हात लावावा लागला नाही. पुढे मालकांनी दोघांनाही ठेवलं. दाजी जवळच्या जत्रा वाजवत, लांबच्या तो मुलगा वाजवी. दाजींनी त्याला शिकवलंही. पण आपल्या खुर्चीवर त्याला बसू दिलं नाही. त्याची उंची जास्त होती, त्याची कंबर जाईल असं म्हणत. मग त्याच्यासाठी मी वेगळी खुर्ची केली. त्यानंतर गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारायचो, खुर्चीवर बसून करणार काय? जेवणार, लिहिणार, पडणार, की येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत बसणार? काहींना हा चोंबडेपणा वाटे. एक सरकारी कचेरीतले साहेब तर चिडून निघून गेले.

दाजींनी पुढे सात मोसम वाजवलं. आठव्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. पायपेटी वयनींनी कंपनीला दिली. वाजली नाही तर उंदीर खातील, असं म्हणाल्या. मोठी आरामखुर्ची लेकीच्या घरी गेली. पेटीपुढची खुर्ची मात्र त्यांनी ठेवून घेतली.

वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी मला बोलावणं पाठवलं. खुर्ची ओटीवर होती. त्यांच्याही गुडघ्यांनी आता जमिनीवर बसायचं सोडलं होतं. तांदूळ निवडायला, भाजी चिरायला ही खुर्ची बरी पडते, ताठ बसता येतं, पण त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. पाय कापून द्या, म्हणाल्या.

मी करवत नेली नव्हती, आणि त्याचं मला बरंच वाटलं. उद्या येतो म्हणून निघालो. गेलो नाही. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा निरोप धाडला. तेव्हा मी फणसाचा एक जाड पाट करून घेऊन गेलो. हा पायाखाली घ्या, म्हणजे खुर्ची आहे तशीच राहील, असं सांगितलं. एकेक सूत काढत ती उंची मी कशी आणली होती ते मला ठाऊक होतं. त्या खुर्चीला पुन्हा करवत लावायची माझी तयारी नव्हती. वयनींनी पाट बघितला, चांगला केलाय म्हणाल्या, आणि बाजूला ठेवला.

“मेस्त्रीनू, ते आता बसूचे नाय,” त्या म्हणाल्या. “मी बसतलंय.”

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, रागही नव्हता. गिऱ्हाइकाला मी नेहमी जे विचारायचो, त्याचं त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं.

शेजारच्या घरातून मी करवत मागून आणली. खळ्यात खुर्ची उलटी केली, चारही पायांवर खूण केली, आणि बसकेचा उतार जाऊ नये म्हणून पुढचे-मागचे पाय दोनदा मोजले. शिवणीचं लाकूड कापायला मऊ, पण त्या दिवशी मला घाम आला. चार तुकडे पडले. ते वयनींनी उचलले आणि चुलीपाशी जळणात टाकून आल्या.

मग त्या बसल्या. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली. हळूहळू मागे सरकल्या, कंबर त्या आडव्या पट्टीला लागेपर्यंत. पट्टी दाजींच्या पाठीने मधोमध काळसर, गुळगुळीत झाली होती. वयनी थोडा वेळ नुसत्याच टेकून बसल्या. मग त्यांनी तांदळाचं सूप मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून खडे वेचू लागल्या.

“चा ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “घेतल्याशिवाय जावू नकात.”